नवस तुमचा, गुडघा तिचा

*“ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. सहावीपासून कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यात. ऑक्टोबरमध्ये विभागीय शालेय स्पर्धेत चढाईवाल्या मुलीचा घोटा धरायला गेली, पाय मॅटवर रोवला गेला आणि गुडघा फिरला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य बंध, पूर्ण तुटल्याचं निघालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. आता चार महिने झालेत. चालते, जिना चढते, लंगडत नाही. सर म्हणतात जूनच्या निवड चाचणीला उतरवा, १७ वर्षांखालच्या गटातलं तिचं शेवटचं वर्ष आहे. डॉक्टर म्हणतात, नऊ महिने खेळाचं नाव काढू नका.*

*मी ज्योतिबाला बोलले आहे, पोरगी चालायला लागली की चैत्र यात्रेला दोघी अनवाणी डोंगर चढू. यात्रा महिन्यावर आली. तिला सोमवारही धरायला लावलेत. पण परवा तिनं देवापुढं दिवा लावायला नकार दिला. म्हणाली, ‘गुडघा फिरला तेव्हा कुठं होता तुझा देव?’ तिचे वडील या विषयावर बोलतच नाहीत. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला हवाच कशाला असला खेळ, उद्या लग्नात टाके दिसतील. सासूबाईंच्या ओळखीचे एक हाडवैद्य आहेत, त्यांच्याकडून मालिश करून घ्या म्हणून मागं लागल्यात. माझा धीर सुटत चाललाय आणि खरं सांगते, श्रद्धाही डळमळतेय. काय करू?”*

*— एक आई, सांगली जिल्हा*

ताई,

आधी जूनच्या चाचणीचं बोलून घेते, कारण त्यात दोन मतं नाहीत. तिला उतरवू नका. सरांचे दहा फोन आले तरी नाही, ती रडली तरी नाही.

का, तेही सांगते. ‘डॉक्टर म्हणाले’ एवढ्यावर सोळा वर्षांची पोर गप्प बसत नाही, आणि तिनं बसावं असं मलाही वाटत नाही. तुम्ही हे तिला वाचून दाखवा. एसीएल पूर्ण तुटला की सहसा तो शिवत नाहीत. बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूंची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, घेऊन तिची दोरी करतात आणि हाडांना आरपार भोकं पाडून ती आत बसवतात. बसवली त्या दिवशी त्या दोरीला रक्तपुरवठा नसतो. पुढे तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जातात, नव्या येतात आणि कंडरेचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध, होऊ लागतं. ही उलथापालथ चालू असताना पहिले काही महिने ती दोरी ऑपरेशनच्या दिवशी होती त्याहून कमजोर असते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पोर जिना चढायला लागते ती नेमकी या काळात. तुमची मुलगी लंगडत नाही याचा आनंद जरूर माना, पण त्यावरून आतली दोरी तयार झाली असं समजू नका.

जे तरुण खेळाडू अशा ऑपरेशननंतर पुन्हा खेळात उतरतात, त्यांच्यात साधारण चारातल्या एकाचा एसीएल परत तुटतो, कधी त्याच गुडघ्यातला तर कधी दुसऱ्या, धडधाकट गुडघ्यातला. नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर गुडघाच पणाला लागलाय.

आणि नववा महिना लागला की दार उघडलं, असंही नाही. फिजिओ तिच्या दोन्ही मांड्यांची ताकद मोजतील. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के तरी भरायला हवा. एका पायावर लांब उडी, एका पायावर सलग तीन उड्या, उडीनंतर गुडघा कुठं झुकतो, हे सगळं बघतील. पुन्हा कुणी अंगावर येईल तेव्हा भीती वाटेल का, हेही विचारतील, त्यासाठी प्रश्नावलीच असते. हे पार झालं की मग सराव, मग धक्काबुक्कीचा सराव, आणि शेवटी सामना. तेव्हा नऊ महिने भरतात तो ऑगस्ट हा शब्द घरात फार घोकू नका. ऑगस्टचा ऑक्टोबर झाला तर तिला नापास झाल्यासारखं वाटेल.

सरांचं म्हणाल तर मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मी स्वतः शाळेत खेळ शिकवण्यात आयुष्य घातलंय, आमच्या जमातीची खोड मला ठाऊक आहे. संघात एक चांगला कोपरारक्षक असला की बाकी साऱ्या संघाची काळजी मिटते, आणि तो नसला की रात्रीची झोप उडते. त्यात १७ वर्षांखालच्या गटाचं शेवटचं वर्ष. पण त्यानंतर १९ वर्षांखालचा शालेय गट आहे, असोसिएशनचा कुमारी गट आहे, त्यापुढं खुला गट आहे. गेलेलं वर्ष जातं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यांदा गुडघा गेला तर ही पुढची सगळी वर्षं जातील. सरांना फोनवर सांगत बसू नका. डॉक्टरांकडून ‘अमुक तारखेपर्यंत स्पर्धात्मक खेळ बंद’ असं लिहून आणा, वडिलांना बरोबर घ्या आणि मैदानावर जाऊन कागद हातात द्या. कागद दिसला की बोलणं थोडक्यात आटोपतं.

तिला दाखला हवा असेल तर विनेश फोगाटचा द्या. २०१६च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या सुन यानानशी लढताना विनेशचा गुडघा फिरला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. २०१७च्या मे महिन्यात दिल्लीतल्या आशियाई कुस्ती स्पर्धेत ती परतली आणि रौप्य घेतलं. बोटांवर मोजा, नऊ महिने होतात. पुढच्या वर्षी जाकार्ताच्या आशियाई खेळांत पहिल्याच कुस्तीत समोर तीच सुन यानान उभी राहिली. विनेशनं तिला हरवलं आणि सुवर्णही जिंकलं. मात्र हे सांगताना इथंच थांबू नका. २०२३मध्ये विनेशच्या गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन झालं, तेही सांगा. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचंही सांगा, तो अडथळ्यांवरून पळायची स्टीपलचेस शर्यत धावतो. २०२५च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला, एसीएल गेला आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. देशातले उत्तम डॉक्टर त्याच्या हाताशी, तरी दोन महिन्यांत तो उतरू शकला नाही. मुलांना गोड शेवटाच्या गोष्टींचा वास लगेच येतो. त्यांना खरी हकीकत दिलेली जास्त मानवते.

आता ज्योतिबाचं.

ताई, तुम्ही श्रद्धेनं बोललात यात मला काही वावगं दिसत नाही. पोर ऑपरेशन थिएटरमध्ये असताना आई बाहेर बसून दुसरं काय करणार? पण नवस बोलताना तुम्ही दोघींच्या पायांचं बोललात. देवाशी व्यवहार तुमचा आणि जामीन तिला ठेवलंत. तिला विचारलं होतंत का? पत्रात तसं कुठं दिसत नाही.

चैत्र यात्रेचा डोंगर तुम्ही माझ्याहून जास्त पाहिला असेल. लाखोंची गर्दी, सासनकाठ्या नाचतायत, गुलाल-खोबऱ्याची उधळण, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. पायरी चढणं तिला आज जमेल. पण मागून एक लोंढा आला, अनवाणी पाय गुलालावरून सरकला आणि अंगाला झटका बसला, की गुडघा तसाच फिरेल जसा ऑक्टोबरमध्ये फिरला. यंदा तिला नेऊ नका. ‘यंदा जमत नाही, पोरीचा पाय भक्कम झाला की येते’ असं देवापुढं सांगून मुदत मागणाऱ्या बाया आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या होऊन गेल्या. देव कोपल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुम्हाला जायचंच असेल तर तुम्ही जा, अनवाणी जा, तुमचे पाय तुमचे आहेत. तिला यात्रा ओसरल्यावर एखाद्या दिवशी गाडीनं वर न्या, पायात बूट घालून, आणि तेही ती येते म्हणाली तर.

सोमवारांचं मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू बघता बघता झडतो आणि तो परत भरायला व्यायामाइतकीच प्रथिनं लागतात. वाढत्या वयाच्या मुलीला साबुदाण्याच्या खिचडीवर आणि केळ्यावर ठेवून तो भरणार नाही. अंडी चालत असतील तर रोज द्या. नसतील तर दूध, दही, पनीर, मटकी, हरभरे, शेंगदाणे, दोन्ही वेळेला घट्ट डाळ. वजनगटाच्या धास्तीनं ती स्वतःच कमी जेवते आहे का, यावरही लक्ष असू द्या. कबड्डीच्या मुली असं करतात आणि घरात पत्ता लागत नाही. पाळी वेळेवर येते ना, तेही विचारा. बंद झाली असेल तर डॉक्टरांना सांगा, ते पोटाला पुरेसं मिळत नसल्याचं लक्षण असू शकतं. आणि उपास कुणीतरी करायलाच हवा असं वाटत असेल तर तो तुम्ही धरा.

तिच्या प्रश्नाकडे येते. ‘गुडघा फिरला तेव्हा कुठं होता तुझा देव?’ याला उत्तर देऊ नका. देवानं परीक्षा घेतली, यातही काही भलं असेल, मोठ्या संकटातून वाचलीस असं समज, यातलं एकही वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तिचं सगळं जग पाच सेकंदांत हातातून गेलं, ती चिडणारच. आपल्या संतांनी विठ्ठलाला काय कमी बोल लावले? भांडले, शिव्या घातल्या, आणि आपण ते आज टाळमृदंगावर गातो. तुमच्या पोरीनं एक प्रश्न विचारला तर घर बाटत नाही. दिवा तुम्ही लावा. तिला हाक मारू नका आणि तिनं ऐकावं म्हणून मोठ्यानं आरतीही म्हणू नका.

ज्या प्रश्नाला खरंच उत्तर आहे, ते मात्र तिला द्या: हे का झालं? पाय रोवलेला, शरीर वळलेलं, गुडघा आत झुकलेला, अशा वेळी एसीएलवर भयंकर ताण येतो. पळताना दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते. त्यात शरीराच्या ठेवणीचा भाग आहे, आणि मुलींना ताकदीचा नि उडीनंतर नीट उतरण्याचा सराव कमी दिला जातो हाही भाग आहे. असा सराव नियमित करणाऱ्या संघांत गुडघे कमी तुटतात. म्हणजे ही कुणाची दृष्ट नाही, मागच्या जन्मीचं काही नाही आणि तिच्या हातून काही पाप घडलं म्हणूनही नाही. कितीतरी मुली मनातल्या मनात ‘मीच चुकीची पकड केली, म्हणून संघ हरला’ हे घोळवत बसतात. ते एकदा तिच्या तोंडून बाहेर येऊ द्या.

आणि तुमची श्रद्धा? तुम्ही ती एका तारखेला आणि एका निकालाला बांधून ठेवली आहे, म्हणून डळमळते आहे असं मला वाटतं. कटू आहे, पण सांगते. सगळ्या वयाचे लोक धरले तर या ऑपरेशननंतर पूर्वीसारखे स्पर्धेत खेळायला लागणारे निम्म्याहून थोडेच जास्त असतात. तरुणांत ते प्रमाण बरं आहे आणि तुमची मुलगी त्यात असण्याची आशा भरपूर आहे. पण लेखी हमी कुणी देणार नाही, डॉक्टर नाही आणि ज्योतिबाही नाही. उद्या ती कबड्डी सोडून बॅडमिंटनकडे वळली, पंच झाली किंवा नुसतीच शिकली, तर तुमचा देव खोटा ठरणार आहे का? तसा ठरणार नसेल तर आजपासून त्याच्याकडे तारीख मागणं बंद करा. सकाळी हात जोडताना एवढंच मागा की आज तिच्यावर माझा आवाज चढू नये. हे मागणं संध्याकाळी तपासता येतं, हा त्याचा फायदा.

धीराचं म्हणाल तर तो नुसतं बसून येत नाही, हाताला काम लागतं. तिच्या फिजिओनं या टप्प्यावर बहुधा पायरीचा व्यायाम दिला असेल. आरशासमोर पायरीवर ऑपरेशनच्या पायावर उभं राहायचं, दुसरी टाच सावकाश खाली टेकवायची आणि परत वर. बघायला अगदी सोपं. पण नीट पाहा, पाचव्या-सहाव्या वेळेला मांडी थरथरते आणि गुडघा हळूच आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे झुकू लागतो. ज्या वेळेला झुकला ती वेळ मोजायची नाही. आरशात तिला स्वतःला दिसतं, पण थकल्यावर डोळे चुकारपणा करतात. तिथं तुम्ही बाजूला पाटावर बसा आणि मोजा. ‘शाबास’, ‘अजून एक’, ‘लवकर बरी होशील’ काही बोलू नका, फक्त आकडा. गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या अंगाला स्नायूचा एक उंचवटा असतो, ऑपरेशननंतर तो सपाट होतो. महिन्यातून एकदा वाटीपासून ठरावीक अंतरावर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. रोज मोजू नका, रोज काही बदलत नाही आणि उगाच दोघींचा हिरमोड होतो. व्यायामानंतर गुडघा सुजला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरला नाही तर जास्त झालं असं समजून फिजिओला कळवा. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते का? ते बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका. पण पोटरी दुखून सुजली, ताप आला, गुडघा लाल-गरम झाला किंवा अडकून बसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘अजून किती दिवस’ असं तिनं विचारलं की तिच्याच खेळाचा नियम तिला आठवून द्या. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमानं बाहेर बसले त्याच क्रमानं आत येतात. कितीही तगमग झाली तरी नंबर सोडून आत घुसता येत नाही.

हाडवैद्यांकडे जायचं नाही. ते माणूस म्हणून कितीही भले असोत, नव्या लिगामेंटचा गुडघा कुणी रेटून वाकवता कामा नये. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या. लग्नातल्या टाक्यांबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर शाई कशाला घालवू.

वडिलांच्या गप्प बसण्यामागे मला राग दिसत नाही, भीती दिसते. पहिल्यांदा तिला मॅटवर कुणी नेलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे त्यांनीच. त्यांना समजूत घालायला सांगू नका, ते त्यांना जमणार नाही. फिजिओकडे न्यायचं काम त्यांच्याकडे द्या. गाडीवर मागं बसून जाताना-येताना बापलेक जे बोलतील ते बोलतील, नाही बोलले तरी चालेल.

एका गोष्टीवर मात्र बारीक नजर ठेवा. चिडणं, रडणं, दिवा न लावणं ठीक आहे. पण आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही, ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलते, असं दिसलं तर देवाकडे नाही, माणसाकडे जायचं. १४४१६ हा टेलि-मानसचा, मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तिच्यासाठी तुम्ही केलात तरी चालतो, आणि तुमचाच धीर सुटला तर स्वतःसाठीही करा.

शेवटचं एक काम या आठवड्यातच करून टाका. कागद द्यायला मैदानावर जाल तेव्हा सरांना विचारा, संध्याकाळच्या सरावाला तिला गुणलेखनाला बसवाल का? आधी तिला विचारा, ती नको म्हणाली तर विषय सोडा. हो म्हणाली तर वही-पेन तिचं तिलाच निवडू द्या. चार महिने घरात बसून तिची फक्त ‘ऑपरेशन झालेली मुलगी’ झाली आहे, तिथं ती परत संघातली होईल. शिवाय बाहेरून बघताना कोण कुठल्या पायावर वळतं, कोण बोनस गुणाच्या नादात हमखास फसतं, हे असं दिसतं जे डाव्या कोपऱ्यातून कधी दिसलं नसतं. सरांनाही त्या वहीचा उपयोग होईल. फक्त तिची खुर्ची मॅटच्या कडेपासून चांगली लांब ठेवायला सांगा, पकडीच्या झटापटीत चार-पाच मुली एकदम रेषेबाहेर येऊन कोसळतात.